ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील हंगामपूर्व बाद स्पर्धा कशी चालत असे आणि ती का थांबली?

कृष्णाकाठ (पलूस, जि. सांगली):

नमस्कार मंडळी,

आमच्या पलूस-वाळवा भागातील कबड्डी संघांची साखळी स्पर्धा दरवर्षी दिवाळीनंतर सुरू होते. यंदा त्या साखळीच्या आधी, दसरा झाल्यावर, सर्व संघांची एक छोटी बाद पद्धतीची स्पर्धा भरवावी, असा प्रस्ताव आमच्या समितीपुढे आला आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांचे म्हणणे असे की, नुसत्या सराव सामन्यांत खेळाडू मन लावून खेळत नाहीत आणि गावातले लोकही बघायला येत नाहीत. समोर चषक असला की दोन्ही गोष्टी आपोआप साधतात. विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही वजनदार आहे. पावसाळाभर शेतीच्या कामांत गुंतलेली मुले तयारी पुरी होण्याआधीच चषकासाठी सर्वस्व पणाला लावून खेळली, तर गुडघे आणि खांदे साखळीच्या आधीच निकामी होतील, अशी त्यांना भीती वाटते. शिवाय बाद पद्धतीत निम्मे संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जाणार, मग त्यांचा सराव कुठून होणार, असा त्यांचा प्रश्न आहे.

चर्चेत एका सदस्यांनी ऑस्ट्रेलियातील फुटबॉल लीगचा दाखला दिला. तिथे अशी स्पर्धा पंचवीसहून अधिक वर्षे चालली आणि नंतर लीगनेच ती बंद केली, असे ते म्हणाले. त्या स्पर्धेची माहिती असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे. तिचे स्वरूप काय होते, तिच्यातून लीगला आणि संघांना काय मिळाले आणि ती बंद का झाली, हे मला समजून घ्यायचे आहे. मी कबड्डी आणि क्रिकेटमधला माणूस असल्यामुळे त्या खेळाची प्राथमिक ओळखही करून दिली तर उपकार होतील.

कऱ्हाडकर (सध्या मुक्काम मेलबर्न):

नमस्कार. मी मूळचा कऱ्हाडचा असून गेली बरीच वर्षे मेलबर्नमध्ये राहतो आणि इथल्या फुटबॉलचा नियमित प्रेक्षक आहे. आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी खेळाविषयी. प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू एका लंबवर्तुळाकार मैदानावर उतरतात, आणि हे मैदान बहुतेक ठिकाणी क्रिकेटचेच असते. दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायाने मारून पार केला तर गोल होतो आणि 6 गुण मिळतात. बाजूच्या खांबांमधून गेला तर त्याला बिहाइंड म्हणतात आणि 1 गुण मिळतो. चेंडू हाताने फेकता येत नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यावा लागतो. पंधरा मीटरहून लांबून लाथेने आलेला चेंडू हवेत झेलला की त्या खेळाडूला निर्वेध किक मिळते, आणि त्या झेलासाठी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून झेपावणारे खेळाडू बघायला लोक आवर्जून येतात. खेळाचे पहिले लेखी नियम 1859 साली मेलबर्नमध्ये तयार झाले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंच्या अंगात सुस्ती भरू नये म्हणून एखादा खेळ हवा, हा त्यामागचा एक हेतू होता. मैदान क्रिकेटचे असल्याचा परिणाम आजही जाणवतो. उन्हाळ्यात मोठी मैदाने क्रिकेटकडे असतात, फुटबॉलचा मुख्य हंगाम मार्चमध्ये सुरू होऊन सप्टेंबरच्या शेवटी संपतो, आणि हंगामपूर्व सामने फेब्रुवारी-मार्चच्या कडक उन्हाळ्यात, शक्यतो रात्रीच्या दिव्यांत घ्यावे लागतात.

आता स्पर्धेची वंशावळ. 1956 साली मेलबर्नच्या लेक ओव्हल मैदानावर प्रकाशझोतात एक रात्रीची मालिका सुरू झाली. तेव्हाच्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये (हीच पुढे देशव्यापी ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झाली) बारा संघ होते आणि त्यातले चारच अंतिम टप्प्यात जात. उरलेल्या आठ संघांना सप्टेंबरमध्ये करण्यासारखे काही राहत नसे, त्यांच्यासाठी ही मालिका होती, आणि पहिला मान साउथ मेलबर्नने कार्लटनला हरवून मिळवला. ती मालिका 1971 पर्यंत चालली. पुढे 1977 मध्ये वेव्हर्ली येथील मैदानावर दिवे बसल्यावर रात्रीची स्पर्धा नव्याने सुरू झाली, परंतु आता ती मुख्य हंगामाच्या बरोबरीनेच, आठवड्याच्या मधल्या दिवशी खेळली जाऊ लागली. शनिवारी लीगचा सामना आणि मधल्या वारी रात्रीचा सामना, अशी ओढाताण खेळाडूंना फार काळ सोसणारी नव्हती. म्हणून 1988 पासून ही स्पर्धा हंगामाच्या आधी नेण्यात आली, आणि आपण ज्या हंगामपूर्व बाद स्पर्धेविषयी विचारता ती इथून सुरू होते. 2013 पर्यंत ती दरवर्षी झाली.

तिचे नाव मात्र पुरस्कर्त्याबरोबर बदलत गेले. आधी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कंपनीचे नाव होते, मग फॉस्टर्स हा बिअरचा ब्रँड आला, 1995 पासून अँसेट ही विमान कंपनी आली. ती कंपनी सप्टेंबर 2001 मध्ये कोसळली, तेव्हा 2002 पासून गृहकर्ज देणाऱ्या विझार्ड कंपनीचे आणि 2006 पासून नॅशनल ऑस्ट्रेलिया बँकेचे नाव लागले. इथले जुने प्रेक्षक अजूनही या नावांवरूनच वर्षांचा हिशोब सांगतात.

पद्धत साधी होती. सोळा संघ असताना पहिल्या फेरीत आठ सामने, मग उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, म्हणजे चार आठवड्यांत निकाल. 2000 ते 2002 या काळात चार-चार संघांचे गट करून साखळी खेळवून पाहिली, परंतु 2003 पासून पुन्हा बाद पद्धत आणली. 2011 मध्ये तीन-तीन संघांचे गट करून एकाच संध्याकाळी तीन आखूड सामने खेळवण्याचा प्रकार आला. पद्धत इतक्या वेळा बदलावी लागली, यावरूनच लक्षात येते की लीगला या स्पर्धेची घडी मनासारखी बसवता येत नव्हती. अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला 1992 पासून मायकल टक पदक देत असत. हॉथॉर्न संघाकडून 426 सामने आणि सात विजेतेपदे अशी कारकीर्द असलेल्या खेळाडूचे नाव या पदकाला दिले होते, म्हणजे सुरुवातीला तरी लीगने या स्पर्धेकडे हलक्या नजरेने पाहिले नव्हते.

अजिंक्यतारा (सातारा):

कऱ्हाडकरांनी इतिहास उत्तम मांडला आहे. मला खेळांच्या नोंदी जपण्याची आवड असल्यामुळे विजेत्यांच्या यादीवरून एक मुद्दा मांडतो, कारण आपल्या समितीचा खरा प्रश्न 'या स्पर्धेतून पुढच्या साखळीची तयारी होते का' हा आहे.

1988 ते 2013 या सव्वीस स्पर्धांत हंगामपूर्व चषक आणि त्याच वर्षीचे मुख्य विजेतेपद एकाच संघाने मिळवले, असे पाचच वेळा घडले: हॉथॉर्न 1988 आणि 1991 मध्ये, एसेंडन 1993 आणि 2000 मध्ये, आणि जीलाँग 2009 मध्ये. यात 2000 सालचे एसेंडन हे विशेष उदाहरण आहे. त्यांनी चषक जिंकला आणि पुढे मुख्य हंगामात, अंतिम फेरीचे सामने धरून, पंचवीसपैकी चोवीस सामने जिंकले. मात्र असा संघ कोणतीही स्पर्धा जिंकला असता, त्यामुळे त्याच्या यशाचे श्रेय चषकाला देता येत नाही.

उलट टोकाचे उदाहरण कार्लटनचे आहे. 2005 मध्ये त्यांनी हंगामपूर्व चषक जिंकला आणि त्याच वर्षी मुख्य लीगच्या तक्त्यात सोळा संघांमध्ये शेवटचा क्रमांक पटकावला. 2007 मध्ये पुन्हा चषक जिंकला आणि पंधराव्या क्रमांकावर राहिले. यामागचे कारण समजायला अवघड नाही. बलाढ्य संघांचे प्रशिक्षक आपले मुरलेले खेळाडू फेब्रुवारीत जपून वापरत, नव्या मुलांना उतरवत, डावपेच झाकून ठेवत. जो संघ दुबळा आहे आणि ज्याच्या पाठीराख्यांना काहीतरी दाखवणे गरजेचे आहे, तो मात्र पूर्ण ताकदीने उतरे. दोन संघ एकाच मैदानावर दोन वेगळ्या हेतूंनी खेळत असतील, तर निकालावरून कोणाचीच खरी ताकद समजत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की बाद पद्धत आणि हंगामाची तयारी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. तयारीसाठी प्रत्येक संघाला ठरावीक आणि सारखे सामने मिळायला हवेत, आणि हरण्याची मुभा असायला हवी. बाद पद्धत या दोन्ही गोष्टी काढून घेते. ज्या संघाला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, तोच आधी बाहेर पडतो.

मिरजेचा प्रेक्षक:

अजिंक्यतारा यांच्या आकड्यांशी माझा वाद नाही, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला एकांगी वाटतो. मी ही लीग अनेक वर्षे दूरचित्रवाणीवर आणि नंतर इंटरनेटवर पाहत आलो आहे. स्पर्धेचे मोल फक्त 'पुढे काय झाले' यावर मोजायचे, तर कोणत्याही गावच्या यात्रेतल्या कुस्तीच्या फडालाही अर्थ उरणार नाही. 1993 च्या अंतिम सामन्याला, एसेंडन आणि रिचमंड यांच्यातल्या, वेव्हर्लीच्या मैदानावर पंचाहत्तर हजारांहून अधिक प्रेक्षक आले होते. एवढी माणसे सराव बघायला येत नाहीत.

सेंट किल्डा या संघाचा विचार करा. शंभर वर्षांहून जुना संघ, आणि मुख्य विजेतेपद एकच, तेही 1966 चे. त्या संघाने हंगामपूर्व चषक 1996, 2004 आणि 2008 असा तीनदा जिंकला. 1996 च्या अंतिम सामन्यात त्यांनी कार्लटनला 58 गुणांनी हरवले आणि पदक निकी विनमारला मिळाले. हा तोच खेळाडू, ज्याने 1993 मध्ये प्रेक्षकांच्या वांशिक शेरेबाजीला उत्तर म्हणून जर्सी वर करून आपल्या त्वचेकडे बोट दाखवले होते. त्या रात्री ज्यांनी हा विजय पाहिला, त्यांच्या दृष्टीने तो चषक दुय्यम नव्हता. वेस्टर्न बुलडॉग्जचेही असेच. 1954 नंतर मुख्य विजेतेपदासाठी त्यांना 2016 पर्यंत थांबावे लागले, आणि त्या लांबलचक काळात 2010 चा हंगामपूर्व चषक हाच त्यांच्या चाहत्यांना मिळालेला दुर्मीळ आनंद होता. पोर्ट अ‍ॅडिलेड 1997 मध्ये लीगमध्ये आला, त्याने 2001 आणि 2002 असे सलग दोन चषक जिंकले आणि 2004 मध्ये मुख्य विजेतेपद मिळवले. मोठे सामने कसे जिंकायचे याची सवय त्या संघाला चषकाने लावली नसेल, असे मी तरी म्हणणार नाही.

दुसरी आणि माझ्या मते अधिक टिकाऊ देणगी म्हणजे नियमांची चाचणी. मुख्य हंगामात नवा नियम एकदम लागू केला आणि तो फसला, तर वर्षभराचे निकाल वादात सापडतात. हंगामपूर्व स्पर्धेत तो धोका नसल्यामुळे लीगने तिथे धाडसी प्रयोग केले. 2003 पासून पन्नास मीटरच्या रेषेबाहेरून मारलेल्या गोलला 9 गुण देण्यात येऊ लागले आणि त्याला सुपरगोल म्हणत. एरवी गुणफलकावर गोल आणि बिहाइंड असे दोन आकडे असतात, तिथे तीन आकडे दिसू लागले: उदाहरणार्थ एक सुपरगोल, नऊ गोल आणि दहा बिहाइंड म्हणजे 1.9.10, एकूण 73. हा नियम मुख्य लीगने कधीच स्वीकारला नाही, आणि तेही योग्यच झाले, कारण लांबून मारण्याच्या मोहात मधला सुंदर खेळ मागे पडला असता.

पण दुसरा एक नियम टिकला, आणि तो कसा आला हे सांगण्यासारखे आहे. बचाव करणारा खेळाडू अडचणीत आला की मुद्दाम चेंडू आपल्याच खांबांमधून बाहेर घालवून प्रतिस्पर्ध्याला फक्त 1 गुण देऊ शकत असे, आणि त्या बदल्यात चेंडू पुन्हा त्याच्याच संघाकडे येई. 2008 च्या महाअंतिम सामन्यात हॉथॉर्नने जीलाँगविरुद्ध ही युक्ती इतक्या वेळा वापरली की नियमाची पळवाट सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. 2009 च्या हंगामपूर्व स्पर्धेत मुद्दाम असे केल्यास प्रतिस्पर्ध्याला फ्री किक देण्याची चाचणी झाली, पंचांना ती पेलली, आणि त्याच वर्षीच्या मुख्य हंगामापासून तो नियम लागू झाला. एवढ्या चटकन आणि एवढ्या कमी किमतीत खेळ सुधारण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

तेव्हा कृष्णाकाठ यांना माझी विनंती आहे की स्पर्धा अवश्य घ्यावी. वाळवा आणि पलूस तालुक्यांतल्या लहान वस्त्यांच्या संघांना साखळीच्या शेवटी चषक मिळण्याची शक्यता कितीशी असते? चार सामन्यांच्या बाद स्पर्धेत मात्र एखाद्या आठवड्याचा चांगला खेळ त्यांना तिथवर नेऊ शकतो.

कृष्णाकाठ (पलूस, जि. सांगली):

तिघांचेही मनापासून आभार. लहान संघांचा मुद्दा आमच्या बैठकीत कोणीच मांडला नव्हता आणि मला तो पटला. नियमांच्या चाचणीचा मुद्दाही उपयोगी आहे, कारण सलग दोन चढाया गुणाविना गेल्यावर तिसरी चढाई निर्णायक धरण्याचा प्रो कबड्डीतला नियम आमच्या साखळीत आणावा की नाही, यावर दोन वर्षे नुसता वाद चालू आहे.

तरीही दोन शंका उरतात. पहिल्या फेरीत हरलेल्या संघांचे तिथे पुढे काय होत असे? आणि एवढे सगळे फायदे असताना लीगने स्पर्धा बंद करण्याचा निर्णय का घेतला? कऱ्हाडकर दादांनी यावर लिहिले तर बरे होईल.

कऱ्हाडकर (सध्या मुक्काम मेलबर्न):

आपल्या दोन्ही शंकांचे उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच देतो.

बाद झालेल्या संघांना मोकळे सोडणे कोणालाच परवडणारे नव्हते. मुख्य हंगाम तोंडावर आलेला असताना तीन आठवडे सामन्याविना राहणे म्हणजे प्रशिक्षकांच्या दृष्टीने तयारीवर पाणी पडण्यासारखे होते. त्यामुळे या संघांचे आपापसांत सराव सामने ठरवले जात आणि ते मोठ्या शहरांऐवजी लहान गावांच्या मैदानांवर खेळवले जात. या सामन्यांना चषकाच्याच पुरस्कर्त्याच्या नावाने ओळखत, पण त्यांना गुणतक्ता नव्हता, चषक नव्हता. एरवी ज्यांना आपल्या आवडत्या खेळाडूंना बघायला शेकडो किलोमीटर प्रवास करावा लागतो, अशा ग्रामीण भागातल्या लोकांच्या दारात हे संघ येत. खेळाडू सामना झाल्यावर मुलांच्या वह्यांवर सह्या करत थांबत, स्थानिक क्लबला उपाहारगृहातून चार पैसे मिळत. बघता बघता संघांना हे सामने चषकाच्या सामन्यांपेक्षा सोयीचे वाटू लागले. सामन्यांची संख्या आधीच माहीत, प्रवास आधीच ठरलेला, कोणाला किती वेळ खेळवायचे याची पूर्ण मोकळीक. याउलट जो संघ चषकात जिंकत जाई, त्याचा पुढचा सामना कोणाशी, कुठे आणि केव्हा, हे आदल्या आठवड्यापर्यंत समजत नसे, आणि अंतिम सामन्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले तर मुख्य हंगामाच्या तोंडावर खेळाडू दमलेले असत. जिंकणे ही एक प्रकारे शिक्षाच होऊन बसली होती, आणि माझ्या मते स्पर्धेचा पाया तिथेच खचला.

2011 आणि 2012 मध्ये लीगमध्ये दोन नवे संघ येऊन एकूण संख्या अठरा झाली. सोळा संघांची बाद स्पर्धा सरळ जमते, अठरांची जमत नाही, म्हणून आखूड सामन्यांचे गट वगैरे उपाय आले आणि स्पर्धेचे रूप प्रेक्षकांना ओळखू येईनासे झाले. 2013 मध्ये ब्रिस्बेन लायन्सने कार्लटनला हरवून शेवटचा चषक घेतला. 2014 पासून प्रत्येक संघाला हंगामाआधी दोन सामने, त्यातले बरेचसे लहान गावांत, आणि विजेता कोणीच नाही, अशी व्यवस्था लागू झाली. म्हणजे चषक गेला आणि हरलेल्यांसाठी केलेली व्यवस्था सर्वांसाठी कायम झाली.

मिरजेच्या प्रेक्षकांनी चषकाच्या बाजूने जे लिहिले आहे त्याच्याशी माझे मन सहमत आहे. 2018 आणि 2019 मध्ये लीगने हंगामाआधी कमी खेळाडूंचा, आयताकृती मैदानावरचा एक वेगवान प्रकार आणून ती पोकळी भरण्याचा प्रयत्न केला, पण तो रुजला नाही. लोकांना फुटबॉल हवा होता आणि आपलाच संघ आपल्याच रंगांत खेळताना हवा होता. फेब्रुवारीतल्या गरम रात्री चषकासाठी चाललेला सामना बघण्याची मजा आता नाही, हे मला अजून खटकते.

आपल्या समितीने या सगळ्यातून एवढेच घ्यावे असे सुचवतो: पहिल्या फेरीत हरलेल्या प्रत्येक संघाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आणखी एक सामना मिळेल, याची सोय वेळापत्रक आखतानाच करावी, मागाहून नव्हे. आणि विजेत्या संघाला जास्तीत जास्त किती दिवस खेळावे लागेल, याची मर्यादा आधी ठरवावी.

अजिंक्यतारा (सातारा):

कऱ्हाडकरांची सूचना मान्य असेल तर माझा विरोध बराच सौम्य होतो. कृष्णाकाठ, आपले संघ किती आहेत ते कळवा, म्हणजे तक्ता आखून देता येईल. समजा बारा संघ असतील, तर सरळ बाद पद्धतीत अकरा सामने होतात आणि पहिल्या फेरीत चार संघांना पुढे चाल द्यावी लागते. ही चाल गेल्या वर्षीच्या साखळीतल्या पहिल्या चार संघांना देण्याचा मोह होईल, पण सरावाच्या हेतूने पाहिले तर त्यांचाच एक सामना कमी होतो. म्हणून ती चिठ्ठ्या टाकून द्यावी. पहिल्या फेरीत हरणारे चार संघ आणि दुसऱ्या फेरीत हरणारे चार, अशा आठ संघांचे आपापसांत चार सामने वेगळ्या मैदानावर ठेवले, तर एकूण पंधरा सामन्यांत प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात. दोन मैदाने उपलब्ध असतील तर शनिवार-रविवार असे दोन दिवस पुरतील. मात्र चाल न मिळालेला संघ अंतिम फेरीत पोहोचला तर त्याचे चार सामने होतात, म्हणून शनिवारी कोणत्याही संघाला दोनहून अधिक सामने येऊ नयेत आणि उपांत्य व अंतिम सामन्यांत निदान चार तासांचे अंतर असावे.

तिसऱ्या चढाईचा नियम या स्पर्धेत लावणार असाल, तर पंचांची बैठक आधी घ्यावी आणि प्रत्येक सामन्यात त्या चढाईतून किती गुण झाले याची वेगळी नोंद ठेवायला एक माणूस बसवावा. नोंद हातात असली की साखळीच्या आधीच्या बैठकीत वाद कमी होईल.

कृष्णाकाठ (पलूस, जि. सांगली):

आमचे संघ चौदा आहेत. रविवारच्या बैठकीत ही सर्व चर्चा छापून वाटणार आहे. चौदा संघांसाठी तक्ता आखून दिलात तर तोही सोबत जोडतो. मैदाने दोन मिळतील, त्यातल्या एकावर दिव्यांची सोय आहे.

अजिंक्यतारा (सातारा):

चौदा असतील तर दोनच संघांना चाल द्यावी लागेल आणि मुख्य सामने तेरा होतील. पहिल्या फेरीत हरणारे सहा आणि दुसऱ्या फेरीत हरणारे चार, अशा दहा संघांचे पाच सामने धरून एकूण अठरा. पहिली फेरी आणि उपांत्यपूर्व फेरी शनिवारी दोन्ही मैदानांवर संपवावी, हरलेल्यांचे पाच सामने आणि उपांत्य सामने रविवारी दुपारपर्यंत घ्यावेत, आणि अंतिम सामना रविवारी रात्री दिव्यांच्या मैदानावर ठेवावा. वेळांसह पूर्ण तक्ता उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकतो.